चादरीचा चौथा कोपरा

दादा,

आम्ही तिघं टाकीमागच्या बागेत चाललोय. तुझं जेवण झाकून ठेवलंय, गरम करून खा.

तुला उठवू नको, असं बाबाच म्हणाले. कालच्या तुमच्या भांडणावर मी बोलणार नाही. एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं, असे आहात तुम्ही दोघं.

ती बाग अजूनही कुणाला माहीत नाही बघ. आज तिथे हवेत म्हाताऱ्या तरंगत असतील, लहानपणी आपण पकडायला धावायचो तशा. खाली आपली निळी चादर, वाऱ्यानं फुगलेली, जरा हात सोडला तर आपल्या सगळ्यांना घेऊन तळ्यावरून निघून जाईल अशी. म्हणून तर चार कोपऱ्यांवर चौघांच्या चपला ठेवायच्या, हा बाबांचा नियम.

मी म्हटलं, "आज दादाच्या कोपऱ्यावर दगड ठेवू." आईनं होकारार्थी मान डोलावली. पण बाबा चादरीची घडी घालता घालता म्हणाले, "त्याच्या जागी दगड कशाला? मी धरून बसेन की."

त्यांचा खांदा दुखतोय, आणि बाहेर वारा सुटलाय. जेवण राहू दे. चपला घाल आणि ये.

छोटी