सुईला मी घाबरत नाही

२ सप्टेंबर, सोमवार
वर्गप्रतिनिधी म्हणून निवड झाली. बिनविरोध. (दुसरं कुणी उभंच नव्हतं, पण तो मुद्दा नाही.)

आमच्या नर्सिंग कॉलेजात प्रात्यक्षिकं चिनार एजे, म्हणजे चिनारताई, बघतात. त्यांनी यादी माझ्या हातात ठेवली. चौदा ऑक्टोबरपासून तिसऱ्या वर्षाची ड्युटी मोठ्या रुग्णालयात. त्याआधी प्रत्येकाची आरोग्य-पुस्तिका पूर्ण हवी: छातीचा एक्स-रे, दात, डोळे, त्वचा, रक्त, गोवर, धनुर्वात, आणि हिपॅटायटिस बीचे दोन डोस, मधे एक महिना. लहानपणीचं कार्ड हरवलं असेल तर सगळं नव्याने. पुस्तिका अपुरी असेल तर सर्जरी वॉर्ड नाही.

यादी वर्गात मोठ्याने वाचली. 'नाही' या शब्दावर जोर दिला.

माझं कार्ड आईने घर बदलताना हरवलंय. हरकत नाही. उद्या साडेआठला दवाखान्यात, सहा नंबरची खोली. सगळ्या सुया एका दिवसात. पुढाऱ्याने उदाहरण घालून द्यायचं असतं. आणि मला तर पुढे सर्जन व्हायचंय.

३ सप्टेंबर, दुपार
आठ वीसलाच पोचलो. सहा नंबरबाहेर रांग. मागे एक बाई कडेवर पोर घेऊन उभी होती, तिला पुढे जाऊ दिलं. मग तिच्या मागचीला. मग एका आजोबांना. बारापर्यंत एकूण एकोणीस लोकांना पुढे जाऊ दिलं. बारा वाजता खोली बंद झाली.

आमच्या कराकोल शहरात माणुसकी फारशी उरलेली नाही, असं लोक म्हणतात. त्यांनी आज मला बघायला हवं होतं.

५ सप्टेंबर
एक्स-रे झाला. दात, डोळे, त्वचा झाले. एका दिवसात चार शिक्के, वर्गात पहिला. एक्स-रेवाला म्हणाला, छाती घोड्यासारखी आहे.

उरल्या फक्त किरकोळ गोष्टी.

६ सप्टेंबर
बेगिमाय आज पहिला डोस घेऊन आली. माझ्या शेजारच्या बाकावर बसते, तिचंही कार्ड हरवलंय. रडून रडून नाक लाल. सुई दिसली की ती अशीच मोठ्याने रडते, रक्त दिलं तेव्हाही रडली होती. मी तिला समजावलं की सुईची भीती फक्त डोक्यात असते. ती म्हणाली, माझी तर दंडातही असते. म्हटलं, सराव कर. ती म्हणाली, तुझे किती झाले? म्हटलं, टप्प्याटप्प्याने चाललंय.

बिचारी. सर्जरीत टिकायची नाही.

९ सप्टेंबर
आज जाणारच होतो. पण दुपारी मित्रांनी बाजारात आश्ल्यान-फू खायला नेलं. इतका तिखट, आंबट, गार रस्सा पोटात असताना रक्तात काय चाललं असेल, कोण जाणे. तपासणीचा निकाल चुकीचा आला असता. विज्ञानाशी तडजोड नाही.

१२ सप्टेंबर
हिशेब केला. दोन डोसांत महिना हवा. म्हणजे पहिला उद्याच घ्यायला हवा. उद्या म्हणजे उद्याच. कपडेही काढून ठेवले, सैल बाहीचा शर्ट.

१३ सप्टेंबर, सकाळ
तेरा तारीख आणि शुक्रवार. मी असल्या गोष्टी मानत नाही.

१३ सप्टेंबर, संध्याकाळ
सहा नंबरच्या दारापर्यंत गेलो. लस देणाऱ्या झुल्फिया एजे थकलेल्या दिसल्या. थकलेल्या माणसाला त्रास देणं माझ्या स्वभावात नाही.

शिवाय 'एक महिना' म्हणजे नक्की किती दिवस, यावर जगात मतभेद असणारच.

१८ सप्टेंबर
वर्गात लसीकरणावर माझं भाषण. स्वतः रचलेली घोषणा फळ्यावर लिहिली: 'बाही वर, रोग दूर!' टाळ्या. नंतर प्रयोगशाळेत रबरी हाताला इंजेक्शन देण्याची परीक्षा झाली, तीत पहिला आलो. चिनार एजे म्हणाल्या, एल्दियार, हात अगदी स्थिर आहे रे तुझा.

सुईचं टोक दुसऱ्याकडे असलं की मला काही होत नाही, याची नोंद असावी.

वर्गातल्या एकवीस पुस्तिका माझ्याकडे जमा झाल्या. बाविसावी बेगिमायची, तिचे दुसऱ्या डोसाचे अश्रू बाकी आहेत. तेविसावी माझी.

२० सप्टेंबर
आज धाडस करून सहा नंबरच्या खोलीत शिरलो. आत कुणी नव्हतं. झुल्फिया एजे शेजारी चहा आणायला गेल्या होत्या. टेबलावर जांभळी शाई आणि शिक्का. शाई ओली आहे का, एवढंच बघायचं होतं. कागद म्हणून पुस्तिका जवळ होती. उघडली, नेमकं गोवराचं पान निघालं.

शाई ओली होती.

लस मी घेणारच आहे. शिक्का फक्त आधी आला. पगार आधी आणि काम नंतर, असं किती ठिकाणी असतं.

२३ सप्टेंबर
चिनार एजेंनी ऑफिसात बोलावलं. पुस्तिका पुढ्यात उघडी. चष्मा कपाळावर सरकवून म्हणाल्या, एल्दियार, तुला कुत्रा कधी चावला?

मी शिक्का घाईत वाचला नव्हता. 'श्वानदंश लसीकरण पूर्ण', असं त्यावर होतं.

म्हटलं, ऑगस्टमध्ये. त्या म्हणाल्या, अरे देवा, म्हणजे पाचही सुया घेतल्यास? म्हटलं, हो. रडलास? म्हटलं, छे. त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला. मग म्हणाल्या, असा पोरगा हवाच होता मला. शुक्रवारी तेरेक-बुलाक गावी लसीकरण आहे. तिथल्या बायका मुलांना गोवराची लस द्यायला तयार नाहीत. पथकात तू बोलायचंस.

नेतृत्व लपून राहत नाही.

२५ सप्टेंबर
आई आज घरात शिरली तीच ओरडत. चिनार एजेंची बहीण तिला बाजारात भेटली होती. कुठला कुत्रा? कुठे चावला? आईपासून लपवतोस? मी म्हटलं, जाऊ दे ना, जुनी गोष्ट. ती म्हणाली, शेजारच्या आसानालींचा आक्तोशच ना? मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

आई कुंपणापाशी जाऊन आसानालीकाकांना जे बोलली ते लिहिण्यासारखं नाही. काका सारखे एकच सांगत होते, अहो, चौदा वर्षांचा आहे तो, त्याला दात कुठायत? आई म्हणाली, मग हिरड्यांनी चावला असेल!

संध्याकाळी काका बादलीभर सफरचंदं घेऊन माफी मागायला आले. मी मोठ्या मनाने माफ केलं. सफरचंदं चांगली आहेत. आक्तोशला त्यांनी साखळी घातली. तो माझ्याकडे बघत होता.

२७ सप्टेंबर, शुक्रवार
तेरेक-बुलाक. शाळेच्या हॉलमध्ये मधोमध तळलेल्या कणकेचे बोर्सोक आणि जर्दाळूचा जॅम मांडलेलं टेबल, भोवती चौदा बायका, मांडीवर पोरं. लस द्यायला झुल्फिया एजे स्वतः, मदतीला बेगिमाय.

भाषण माझ्या आयुष्यातलं सर्वोत्तम. गोवर म्हणजे नुसतं पुरळ नव्हे, न्यूमोनिया होतो, डोळे जातात, सगळं सांगितलं. आवाज चढवला, उतरवला. काही बाया पोरांच्या बाह्या सरसावून पुढे सरकल्या. पिवळ्या फ्रॉकातली एक चार वर्षांची चिमुरडी, आयदाय तिचं नाव, सरळ माझ्यासमोर येऊन म्हणाली, दुखतं का? म्हटलं, मुळीच नाही.

तेव्हा पहिल्या रांगेतल्या कलिमान आजी बोलल्या. पोरा, तुझी झाली का रे गोवराची? मी म्हटलं, म्हणजे काय आजी! झुल्फिया एजेंनी माझी पुस्तिका मागितली, उघडली, आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, याच्या गोवराच्या जागी कुत्रा आहे.

आजी म्हणाल्या, मग बस इथे. आधी तू घे, पोरं बघू देत.

पुढचं सविस्तर आठवत नाही.

२८ सप्टेंबर
काय झालं ते बेगिमायकडून कळलं. मी खुर्चीत बसलो. बाही वर केली. एजेंनी स्पिरिटचा बोळा दंडाला लावला. मी बोर्सोकवर पडलो. जॅम माझ्या टोपीवर.

आयदायच्या आईने तिला उचललं आणि म्हणाली, एवढा घोडा कोसळतोय, माझं पाखरू कसं टिकणार? ती निघाली तशा तिच्यामागे अकराजणी निघाल्या. कलिमान आजी मागून ओरडत होत्या, अगं बायांनो, सुई लागलीच कुठे त्याला? कापसाने पडलाय तो! त्यांनी आपल्या नातवाला दिली लस. आणखी एकीने दिली. मग बेगिमाय घरोघर गेली आणि चौघींना परत घेऊन आली. त्यांच्यासमोर स्वतःच्या दंडावरचा डाग दाखवून रडली म्हणे. कोणत्या पद्धतीने पटवलं, कळत नाही. आयदायच्या घराला कुलूप होतं.

मला लस दिली नाही. शुद्धीवर नसलेल्याला टोचायचं नाही, असा नियम आहे. चांगला नियम.

पडण्याची कारणं: (१) उपाशीपोट. (बोर्सोक सातच खाल्ले होते.) (२) हॉलमध्ये हवा कोंडली होती. (३) स्पिरिट निकृष्ट दर्जाचं.

१ ऑक्टोबर
वर्गात कुणी तरी माझ्या बाकावर कापसाचा बोळा ठेवला. बालिशपणा. दुर्लक्ष केलं. बोळा मात्र कोरडा आहे हे तपासून मगच बसलो.

हिपॅटायटिसबद्दल चिनार एजेंशी बोलून घेईन. माझ्यासारख्यासाठी रुग्णालय अपवाद करेल.

७ ऑक्टोबर, सोमवार
बावीस पुस्तिका रुग्णालयात पोचवायला गेलो. बेगिमायचाही दुसरा डोस आज झाला. ऑफिसकडे जायचा रस्ता संसर्गजन्य रोगांच्या वॉर्डावरून जातो. बाकावर एक बाई बसली होती. ओळखली. 'घोडा' म्हणणारी.

आयदाय आत आहे. गोवर. छातीत उतरलाय. काचेतून दिसली, डोळे सुजून मिटलेले, नाकाला नळी. फ्रॉक नव्हता, रुग्णालयाचा सदरा होता, बाह्या दुमडलेल्या.

मला वाटलं, बाई आता बोलेल. मी काय उत्तर द्यायचं ते ठरवूनही टाकलं. ती म्हणाली, तुला बरं वाटतंय का रे आता? त्या दिवशी फार जोरात पडलास.

म्हटलं, हो.

वॉर्डातल्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, सांगता येत नाही, कदाचित लागण आधीच झाली असेल, त्या दिवशी लस दिली असती तरी उशीर झाला असता कदाचित. हे वाक्य मी इथे दोनदा लिहिलं. मग एकदा खोडलं. दुसरं खोडवत नव्हतं. आता तेही खोडलंय.

८ ऑक्टोबर, ९.१०
काही ठरवलं नाही. शर्टही घट्ट बाहीचाच होता. सहा नंबर. पुढे तिघं होते, तिघांच्या मागेच उभा राहिलो.

झुल्फिया एजेंना शिक्क्याबद्दल सांगितलं. त्या सिरिंज भरता भरता म्हणाल्या, माहीत आहे. खरा शिक्का कपाटात असतो. कुत्र्याचा मी मुद्दाम टेबलावर ठेवते. दर वर्षी एक तरी येतोच.

मी खुर्चीत बसलो. सांगितलं की मला थोडा वेळ द्या, मी आधी श्वास घेतो, मग डोळे मिटतो, मग मी म्हणेन तेव्हा टोचा. श्वास घेतला. डोळे मिटले. म्हटलं, हं, टोचा.

त्या म्हणाल्या, कधीच टोचलं. दुसरा हात दे.

दुसऱ्या हाताला रडलो. धनुर्वाताच्या वेळीही. रक्त घेताना तर दाराबाहेरच्या पोराने आईला विचारलं, आत कोण बाळ आहे? बेगिमायइतक्या मोठ्याने नव्हतो रडत. जवळपास तेवढ्याच.

छत्तीस दिवस. आत जाऊन बाहेर येईपर्यंत सगळी मिळून अकरा मिनिटं लागली.

संध्याकाळी आईला खरं सांगितलं. तिने जॅमची बरणी उचलून माझ्या हातात दिली आणि कुंपणाकडे बोट दाखवलं. आसानालीकाका आधी हसले, मग रागावले, मग पुन्हा हसले. साखळी मला काढायला लावली. आक्तोशने माझा हात चाटला. खरंच दात नाहीत.

११ ऑक्टोबर
आयदायचा ताप उतरला. नळी काढली. तिच्या आईने गावात निरोप पाठवलाय, उरलेल्या सगळ्या जणी सोमवारी पोरांना घेऊन येणार आहेत. माझ्या भाषणाचा त्यात काही संबंध नाही.

चिनार एजेंना अपवादाबद्दल विचारलं नाही. त्यांनीच बोलावलं. दुसरा डोस आठ नोव्हेंबरला, त्यामुळे सर्जरी नाही. वर्गप्रतिनिधी आता बेगिमाय. शिक्क्यासाठी कॉलेजातून काढणार होत्या, झुल्फिया एजेंनी रदबदली केली म्हणून ठेवलं. मी म्हटलं, बरोबर आहे. त्या चष्मा वर करून म्हणाल्या, काय म्हणालास? मी पुन्हा म्हटलं.

१४ ऑक्टोबर, सोमवार
ड्युटीचा पहिला दिवस. बाकीचे बावीसजण पांढरे कोट घालून तिसऱ्या मजल्यावर, सर्जरीत. मी तळघरात, धुतलेल्या कपड्यांच्या खोलीत. दिवसभर चादरींच्या घड्या. कोट मलाही दिलाय, पण राखाडी.

दुपारी एक माणूस आईला हाताला धरून जिना चुकून खाली आला. मला म्हणाला, डॉक्टर, आईचं ऑपरेशन आहे, कुठे जायचं?

म्हटलं, तिसरा मजला. आणि मी डॉक्टर नाही. चादरी बघतो.

म्हातारी म्हणाली, मग एक चादर दे बाबा, थंडी वाजतेय.

दिली.