राहिलेली पालट

निरगुडसर,
बुधवार

प्रिय ताईसाहेब,

पत्र बघून आधी दचकशील. घाबरू नकोस, घरी सगळे धडधाकट आहेत. तुझी आई समोर ओट्यावर लसूण निवडत बसलीय आणि मी काय लिहितोय ते मान वाकडी करकरून बघतेय. तिला सांगितलंय की शेती खात्याला अर्ज लिहितोय. "येवढा लांबलचक अर्ज?" म्हणून तिनं नाक मुरडलं. फोन केला असता, पण माझा फोन तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी "कशी आहेस, जेवलीस का, बरं ठेवतो" इथं माझं दुकान बंद होतं. रोज सकाळी तू आईशी व्हिडिओवर बोलतेस तेव्हा मी दाराआड उभा असतो. परवा तू खोकत होतीस. आईला म्हटलं, तिला सांग, नाशिकची थंडी वाईट, कानाला बांधून कॉलेजात जात जा. ती म्हणाली, "तोंड हाय नव्हं, तुमीच सांगा." आपलं नीट बोलणं तुटून नऊ महिने झाले, ताईसाहेब. तुझ्या पोरांना इतिहास शिकवतेस, नऊ महिने म्हणजे तुला काहीच वाटत नसेल. मला लई वाटले.

रांगडा कांदा काढून झाला. बिबट्यानं रखमाजीची कालवड नेली, भरदिवसा, उसाच्या कडेनं. तेव्हापासून रखमाजी मळ्यात जाताना मोबाइलवर मोठ्यानं गाणी लावून जातो, आणि म्हणतो की बिबट्या त्याला घाबरत नसेल पण गाण्याला नक्की घाबरतो. तुझी आठवण काढतो. माझ्या शाळेच्या बाकावरचा सोबती आहे, मला चार शिव्या द्यायचा त्याला हक्क आहे, तो रोज बजावतो. आणि मोठी बातमी तुला आईनं सांगितली असेलच. तुझ्या पाठचा आपला बारक्या लष्कराच्या भरतीत पास झाला. मेडिकल झालं, कागद आला. येत्या मंगळवारी ट्रेनिंगला निघतोय.

त्याच्याबद्दलच लिहायचंय, पण त्यासाठी मला मागं, विहारातल्या त्या दिवसापर्यंत जावं लागेल. तू तिथं होतीस, तुला सगळं ठाऊक आहे. तरी मला सांगू दे.

माझ्या बापानं, तुझ्या आजोबानं, पालट सुरू केली तेव्हा आपला विहार म्हणजे चार लाकडं आणि वर पत्रे होते. नवी दीक्षा घेतलेली माणसं, डोक्यात नवे विचार, रोज भांडणं. म्हाताऱ्यानं नियम घातला की पौर्णिमेला वंदना झाली की एक विषय घ्यायचा, एकानं बाजूनं बोलायचं, एकानं विरुद्ध. आणि मग दोघांनी जागा बदलायच्या. ज्याला दुसऱ्याचं म्हणणं मन लावून मांडता येत नाही, त्याचं स्वतःचं म्हणणं धरायचं नाही. त्यानंतर सगळ्यांनी एका पंगतीत खीर खायची. मी दहा वर्षांचा असताना 'विहीर आधी की शाळा आधी' यावर बापाच्या विरुद्ध बोललो होतो आणि पालटीत इतका अडखळलो की त्यानं मला दोन दिवस चिडवलं.

गेल्या मे महिन्यात पौर्णिमा आली तेव्हा तोफा थांबून दोनच दिवस झाले होते. आधीचे चार दिवस गाव जागं. टीव्हीवर सायरन, चौकात पोरांचे फटाके, पारावर बसलेला प्रत्येकजण सेनापती. विषय दुसरा कुठला निघणार? देशानं युद्धाला जावं की जाऊ नये. बाजूनं मी उठलो. विरुद्ध कोण, तर ताईसाहेब. बाप विरुद्ध लेक म्हटल्यावर वरच्या आळीतली माणसंसुद्धा आत येऊन बसली.

मी म्हणालो, फिरायला गेलेल्या माणसांना बायकापोरांदेखत गोळ्या घातल्या, आणि आपण हात बांधून बसायचं? वस्तीवरून बिबट्यानं पोर उचललं तर तुम्ही आधी ठराव लिहिता का काठ्या घेऊन धावता? आज गप्प बसलात तर उद्या तो ओट्यावर येईल. ज्या देशाला आपली माणसं राखता येत नाहीत, त्याची घटना कोण राखणार? टाळ्या पडल्या. सगळ्यांत मोठी टाळी बारक्याची.

मग तू उठलीस. पदराशी चाळा नाही, आवाज चढवणं नाही. म्हणालीस, बिबट्या मारला म्हणून ऊस मोकळा होतो का? महिन्यानं दुसरा येतो. आणि बिबट्याच्या मागं गाव नसतं, शाळा नसते. सीमेच्या दोन्ही अंगांना आपल्यासारखीच राबणारी माणसं आहेत, गोळे त्यांच्या छपरांवर पडले. ज्यांनी मारलं त्यांना हुडका, धरा, शिक्षा करा, त्याला माझा हात वर आहे. पण युद्ध हवं म्हणून ओरडणारे आणि युद्धाला जाणारे एका घरातले नसतात. एवढं बोलून तू माझ्याकडं वळलीस आणि विचारलंस, "आप्पा, तुम्ही तर कारगिलला जाऊन आलात. तिथं तुम्ही काय केलंत, काय पाहिलंत, आम्हाला एकदा तरी सांगितलंत का?"

तेव्हा मी जे बोललो ते इथं लिहायलाही लाज वाटते, पण लिहितो. म्हणालो, जिनं बंदूक जवळून पाहिली नाही तिनं आम्हाला शिकवू नये. बापाच्या पेन्शनवर शिकलीस आणि बापालाच भरसभेत उलटून विचारतेस? तुझी आई खाली बघायला लागली.

आणि तरी तू पालटीला उभी राहिलीस. डोळे भरलेले, पण उभी राहिलीस आणि माझी बाजू माझ्यापेक्षा चांगली मांडलीस. म्हणालीस, माझ्या बापासारखी माणसं तिथं जागी होती म्हणूनच मी इथं उभी राहून युद्धाला नको म्हणू शकते. मग माझी पाळी आली. मी उठलो, "युद्ध नको, कारण" एवढं बोललो आणि पुढं शब्दच फुटेना. मागून रखमाजी म्हणतोय, बोल की राव, भागुजी, पालट कर. मी चपला घातल्या आणि घरी आलो. लोक म्हणाले, हवालदार भडकले. तू दुपारीच कळंबच्या फाट्यावरून गाडी धरलीस, खीर न खाता.

बारक्यानं मात्र माझं भाषण उचललं. फॉर्म त्यानं मित्रांच्या नादानं आधीच भरला होता, पण मन आयटीआयला जाऊन वायरमन व्हायचं होतं, तुला माहीत आहे. त्या दिवसापासून म्हणायला लागला, आप्पा बोलले तेच खरं, मी जाणार. पहाटे उठून कालव्याच्या रस्त्यानं पळायचा, मी घड्याळ घेऊन पुलावर उभा. रोज थोडा लवकर यायचा, आणि मी शाबास म्हणायचो. तुझी आई एक दिवस भाकरी थापता थापता म्हणाली, "तुमी भाषण केलं आन् माझं पोर पळाया लागलं. मी न्हाई म्हनत न्हाई. पर त्याला सगळं ठावं हाय का?" मी म्हटलं, त्याला काय ठाऊक नाही? पण मला कळलं होतं, कारगिलचं मी घरात कधी बोललो नाही त्यावर तिचा रोख होता.

गेल्या रविवारी त्यानं मंचरहून काळी ट्रंक आणली. पांढऱ्या रंगाची डबी आणि ब्रश माझ्यासमोर ठेवला. म्हणाला, आप्पा, नाव तुम्हीच घाला, तुमच्यासारखं अक्षर तालुक्यात नाही. मी ब्रश हातात घेतला. रंगात बुडवून नुसता धरून बसलो, तेवढ्यात रंगाचे दोन थेंब झाकणावर पडले. चष्म्याचा नंबर वाढलाय म्हणून उठलो. त्यानं थेंब पुसले, ब्रश धुऊन ठेवला. ट्रंक पडवीत आहे, कोरीच.

आता जे सांगतोय ते तुझ्या आईलाही ठाऊक नाही. नव्याण्णव साली मी वर डोंगरावर नव्हतो. एक गोळी झाडली नाही की एक माझ्या कानाजवळून गेली नाही. मी खालच्या तळावर रसदीच्या कामाला होतो. साहेबांनी माझं रजिस्टरातलं अक्षर पाहिलं आणि माझ्या हातात पांढऱ्या रंगाची डबी दिली. वरून पोरं खाली यायची. पेट्यांत. पेटीवर नाव, नंबर, पलटण, गाव, तालुका, जिल्हा, इंग्रजी मोठ्या अक्षरांत, लांबून वाचता येईल असं. ते माझं काम. चिठ्ठीवरचं नाव लागलं नाही तर पळत जाऊन विचारून यायचो, कारण त्या पोराच्या दारात पेटी उतरली की घरचे आधी ते अक्षर बघणार. एकदा एकाच्या नावात एक अक्षर चुकलं. पुसून पुन्हा लिहिलं, आणि पुसताना त्याची माफी मागितली. एक पोरगा माझ्याच बराकीतला होता, शेजारच्या खाटेवरचा. त्याचं गाव मला कुणाला विचारावं लागलं नाही.

तर हे केलं मी तिथं. परत आलो तेव्हा गावानं वेशीवर हार घातला आणि मी तो घालून घेतला. तेव्हापासून सव्वीस जानेवारीला शाळेत फेटा बांधतात, कारगिलवीर म्हणतात, आणि मी मान डोलावतो. तुझी बाजू मला मांडता येत नव्हती असं समजू नकोस. माझ्याकडं तुझ्यापेक्षा जास्त होतं. ते तोंडातून निघालं असतं तर तो फेटा तिथंच उतरला असता, म्हणून मी पळालो, आणि जाता जाता तुलाच बोलून गेलो. चुकलो, पोरी. बापाचं चुकलं. आणि पेन्शनचं म्हणशील तर तुझ्या शिक्षणाइतका चांगला उपयोग तिचा दुसरा कुठला झाला नाही.

अजूनही मला वाटतं की काही वेळा जावंच लागतं. त्या पोरांनी तो डोंगर सोडला असता तर काय झालं असतं, याचा विचार करवत नाही. आणि दर पेटीमागं एक घर होतं, त्यांना विचारून कुणी काही ठरवलं नव्हतं, हेही मला तितकंच वाटतं. माझ्यात हे दोन्ही सत्तावीस वर्षं भांडतंय. घरातल्या कुणाचं नाव मी हातानं लिहीत नाही ते यामुळं. तुझ्या पाळण्यावर तुझं नाव मीच रंगवलं होतं, ते शेवटचं. पुढं तू नव्या वह्या घेऊन यायचीस, आप्पा नाव घाला म्हणायचीस, मी आईकडं ढकलायचो आणि तू रुसून बसायचीस. मला भीती वाटायची गं. माझ्या हातानं नाव उमटलं की ते माणूस पेटीत जातं, असं काहीतरी डोक्यात बसलं होतं.

बारक्याला थांबवायला मी तुला बोलावत नाही. त्याचं वय आहे, मन आहे, तो जाऊ दे. पण बापाचं अर्धंच भाषण ऐकून त्यानं जाऊ नये. दोनदा त्याला समोर बसवलं, दोन्ही वेळा कांद्याचं बोलून उठलो. तू समोर असलीस तर जमेल. रविवारी ये. दुपारी विहार मोकळा असतो, आपण चौघं बसू, रखमाजीलाही बोलावतो, त्यानंच मला पालट कर म्हटलं होतं. तू मला तोच प्रश्न पुन्हा विचार, तितक्याच जोरात, आणि मी उत्तर देतो. ते ऐकूनही तो मंगळवारी जातो म्हणाला, तर ट्रंकेवर मीच लिहीन, बुद्धभूषण भागुजी रणपिसे. बघ, इथं लिहून पाहिलं. उद्या रखमाजीचा टेम्पो भाजी घेऊन नाशिकला येतोय, त्याच्या हाती हे पाकीट देतोय. त्यावर 'स्वप्ना' लिहिलंय ते कुणाकडून लिहून घेतलेलं नाही. तीन पाकिटं वाया गेली, चौथ्यावर हात थांबला नाही.

तुझाच,
आप्पा