गुडघ्यांचं निमित्त

चिमणे,

परवा शाळेच्या नव्या विश्वस्तांच्या मुलाखतीत तू मला चक्क ‘अध्यक्षबाई’ म्हणालीस. पोटची पोर टेबलापलीकडे बसलेली, आणि मी कोऱ्या चेहऱ्याने तुझा अर्ज चाळत होते.

शेवटी आमच्या मंडळातल्या वकीलसाहेबांनी विचारलं, “तुम्हाला काही विचारायचंय?” तू म्हणालीस, “अध्यक्ष चुकल्या, तर त्यांना सांगतं कोण?” सगळे खाली बघायला लागले. वीस वर्षांत मला कोणी सांगितलेलंच नाही! माझी मान अशी ताठ झाली म्हणून सांगू!

तू बाहेर गेल्यावर सगळे म्हणाले, हिला घ्यायलाच हवं. मीच नियमावली उघडून दाखवली: विश्वस्ताच्या नातेवाइकाला मंडळात जागा नाही. तुझ्या काकांना बाहेर ठेवायला तो नियम मीच केला होता. तेव्हा महिनाभर घरात कोणी माझ्याशी धड बोललं नव्हतं. आता तुझ्यासाठी तो कसा मोडू?

म्हणून आज मी राजीनामा दिला. आता मंडळात तुझं कोणी नाही. उद्या वकीलसाहेबांचा फोन येईल. निवड त्यांची, माझा त्यात शब्दही नाही.

हे पत्र मात्र कपाटातच राहील. खरं कळलं तर तू ती खुर्ची घेणार नाहीस; हा हट्टीपणा कुठून आला ते मला माहीत आहे. विचारलंस तर सांगेन, शाळेचा जिना चढवत नाही, गुडघे गेले.

गुडघे ठणठणीत आहेत. राजीनामा द्यायला दोन-दोन पायऱ्या एकदम चढत गेले.

तुझी,
आजपासून नुसतीच आई