चालू इंजिनावर उपसलेली तार

मी, करसन नरशी सिद्धपुरा, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा तीनचाकी छकडा-रिक्षांच्या इंजिनांची दुरुस्ती, मुक्काम बाबरा, जिल्हा अमरेली, डोकं ठिकाणावर असताना, कोणी भरीस घातलं नसताना, स्वतःच्या हाताने लिहून ठेवतो की:

१. राहतं घर मुलगा जेंती याला द्यावं. दुकानाच्या पायरीला मात्र त्याने पाय लावू नये. माझ्या फ्लायव्हील ओढायच्या पुलरने या शहाण्याने बाभळीचा खुंट उपटायला घेतला आणि पुलरचा पाय मोडला. तो मोडका पाय फळीवर जपून ठेवला आहे, तोही त्यालाच द्यावा.

२. दुकान, कॉइल गुंडाळायचं हातयंत्र, सर्व पाने आणि सुटे भाग मुलगी जसु हिचे. हे दान नव्हे, भरपाई आहे. कशाची, ते लिहितो.

अकरा वर्षांपूर्वी लखमन आहिराचा छकडा आला. बॅटरी चार्ज होत नव्हती. आमच्या पिढीची परीक्षा एकच: चालू इंजिनावर बॅटरीची तार काढायची, दिवा जळत राहिला तर डायनॅमो ठीक. जसु म्हणाली, "बापा, तार काढू नका. हा डायनॅमो नाही, अल्टरनेटर आहे. बॅटरी सुटली की व्होल्टेज उसळेल, रेग्युलेटर जळेल."

"आता तू मला शिकवणार? जा, रोटले थाप!" म्हणत मी तार उपसली. दिवा भक्कन पेटून फुटला, रेग्युलेटरमधून धूर आला. ओट्यावर लखमनसकट आठ छकडेवाले बशीत चहा ओतून बसले होते. मी त्यांना म्हणालो, "पोरीने तारा उलट्या जोडल्या."

जसुने हातातला पाना पुसून जागेवर ठेवला. पुढे गिऱ्हाइकं माझ्यादेखत म्हणायची, "जसुबेनने हात लावू नये हं," आणि मी नालायक मान डोलवायचो. वर्षभरात ती राजकोटला मोटरी गुंडाळायच्या कारखान्यात गेली. फोनवर "तब्येत बरी ना, बापा?" एवढंच विचारते. मला माझी चीड येते.

३. लखमनचं त्या दिवशी नुकसान झालं, म्हणून माझा जुना डायनॅमो त्याला द्यावा.

४. हा कागद माझ्या बाराव्याला, पंगत बसण्याआधी, मोठ्याने वाचावा.

ताजा कलम: साक्षीच्या सहीसाठी लखमन आला. वाचून म्हणाला, "करसनभाई, हे ठाऊकच होतं की. तार तुमच्याच हातात होती."

"मग तेव्हा तोंडात काय गाठिया कोंबला होतास?"

"तुम्ही उस्ताद. पोरीपायी उस्तादाला खोटं कोण पाडणार? सगळ्यांनीच पाहिलं होतं."

सगळ्यांनी! म्हणजे आठही जणांना माहीत होतं आणि तरी जसुला छकड्याला हात लावू देत नव्हते. कलम ३ रद्द. डायनॅमोही जसुचाच.

कलम ४ सुद्धा रद्द. मेल्यावर माफी मागायला काय जातं? परवा शनिवारी जसुला बोलावलं आहे. आठांपैकी सहा जिवंत आहेत, त्यांना ओट्यावर बसवून हा कागद मी उभा राहून वाचणार. जसु आली नाही, तर सहाही जणांना लखमनच्या छकड्यात घालून राजकोटला नेईन आणि तिच्या कारखान्याच्या फाटकाशी वाचेन.

बाबरा, गुरुवार, ९ फेब्रुवारी २०१७
सही: करसन नरशी सिद्धपुरा

साक्षीदार:
१. कांतिलाल मोहनलाल त्रिवेदी, निवृत्त शिक्षक
२. लखमन राणा आहिर, छकडा चालक (तेव्हाही हजर)