अडतिसावा संदर्भ

प्रिय अक्का,

आज सकाळी मी तुमच्या कल्याणीला खोडून आले. लाल पेनानं, रघुनाथन सरांच्या टेबलावर, त्यांच्या डोळ्यांदेखत. हे मराठीतून सांगावं असं या अख्ख्या विद्यापीठात कुणी उरलेलं नाही. नवरा इरुंगाट्टुकोट्टैच्या कारखान्यातून दमून येतो. त्याला सांगितलं तर म्हणेल, चार दिवस सुट्टी घे. म्हणून तुम्हालाच लिहिते. तुम्हाला जाऊन दोन वर्षं झालीत हे मला माहीत आहे हो. वेड लागलेलं नाही मला.

आठवतो का लायब्ररीतल्या माझ्या नोकरीचा पहिला दिवस? सांगलीहून लग्न होऊन आलेली मी, तमिळचा एक शब्द येत नाही, आणि तुम्ही काउंटरवरून विचारलंत, "जेवलीस का मा?" तुमची ती तंजावरची मराठी, कितीतरी पिढ्यांची जुनी, वरून तमिळची फोडणी! मी फिस्सकन हसले. तुम्ही तरी कुठं कमी? म्हणालात, "तू तर वर्तमानपत्र वाचल्यासारखी बोलतेस." त्या दिवसापासून डबा एकत्र खायला लागलो.

तुमच्या आधी आपल्याकडे ग्रंथपाल म्हणजे पुस्तकं देणारी-घेणारी बाई. तुम्ही दर जूनला सिव्हिल इंजिनिअरिंग विभागाच्या दारात ठाण मांडून बसायचात. "सर, मला दोन तास द्या. तुमच्या पोरांना शोधायला शिकवते." तिथले रघुनाथन सर वैतागायचे, "मग सिलॅबस कोण संपवणार?" तुम्ही हलायचा नाहीत. शेवटी तास मिळायचे.

आणि काय तास घ्यायचात! फळ्यावर पाच शोधनिबंध लिहायचे. चार खरे, पाचवा तुम्ही मनानं रचलेला. लेखक खोटा, मासिक खोटं, पानसुद्धा खोटं. पोरांनी तासभर लायब्ररी पालथी घालायची. मग तुम्ही विचारायचात, "पाचवा मिळाला?" अर्धा वर्ग हात वर करायचा. "वाचला?" "वाचला मॅडम!" मला हसू आवरायचं नाही. तुम्ही शांतपणे सांगायचात, "तो नाहीच आहे. मी केलाय. स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय कुणाचं नाव लिहू नका." आणि ती ओळ पुसायचात. बाकीचा फळा मी पुसत असे, पण पाचव्या ओळीला मला कधी हात लावू दिला नाहीत.

दरवर्षी तेच नाव. एस. कल्याणी, तळ्यांत साठणाऱ्या गाळाविषयी. एकदा मी म्हटलं, "अक्का, नाव तरी बदला की." तुम्ही म्हणालात, "असू दे मा. तिला सवय झालीय." मला वाटलं, थट्टा करताय.

आता जरा रागावते तुमच्यावर. त्या शेवटच्या दिवशी, छातीत जड वाटतंय, तू घे आजचा तास, असं म्हणून खुर्चीत बसून राहिलात. का? डॉक्टरकडे का नाही गेलात? एवढा कसला तो हट्ट! मी फळ्यावर पाच नावं लिहिली, पोरांना लायब्ररीत पिटाळलं आणि तेवढ्यात मला बोलवायला आले. मी खडू टाकून धावले. त्यानंतर त्या वर्गात परत गेलेच नाही. पाचवा निबंध खोटा आहे, हे पोरांना सांगायचं राहूनच गेलं.

विसरले, अक्का. साफ विसरले. पुढच्या वर्षी तास घेतला तो वेगळ्याच तऱ्हेनं, तुमची ती नावं लिहायचा धीर होईना म्हणून. आणि एस. कल्याणी दोन वर्षं हिंडत राहिली.

गेल्या महिन्यात सेल्वी आली. रघुनाथन सरांची पीएचडीची विद्यार्थिनी. प्रबंध द्यायच्या आधी संदर्भ लायब्ररीत तपासून घ्यायचे, मगच गाईडची सही, हा नियम तुम्हीच लावून गेलात ना? मी आपली यादीवरून बोट फिरवत होते. अडतिसाव्या ओळीवर बोट थांबलं. एस. कल्याणी.

"हा कुठं मिळाला तुला?"

"फार चांगला पेपर आहे मॅडम! तिसरा चॅप्टर सगळा त्याच्यावर आहे." आणि तिनं वाक्य म्हणूनच दाखवलं, की पाणी वरून गुडघाभर दिसतं, पण जुना गाळ खालून पाय धरून ठेवतो.

तुम्ही तर फक्त नाव रचलं होतंत. आत वाक्य कुठून आलं?

खोदून विचारल्यावर कळलं, तिनं ते एका एम.टेक.च्या मुलाच्या प्रबंधातून उचललं होतं. तो त्या दिवशी माझ्या वर्गात होता. त्याला फोन केला, तर म्हणाला, "वाक्य मी नाही मॅडम लिहिलं. माझ्या टिपणांत होतं." टिपणं कुणाची? त्याला आठवेना.

मग मलाच शंका आली, की निबंध खरा असला तर? तुमचीच शिकवण, आधी शोधायचं, मग नाही म्हणायचं. चार मोठ्या ग्रंथालयांना मागणीचे फॉर्म पाठवले. आणि त्या रविवारी मांबलम स्टेशनवरून चालत तुमच्या घरी गेले, तुमच्या यजमानांकडे, अण्णांकडे. म्हटलं, तुमची तासाची वही बघावी.

अण्णा थकलेत. तुमच्या फोटोला स्वतः हार घालतात अजून. मी विचारलं, "अक्कांच्या वहीत एस. कल्याणी म्हणून कुणी..." त्यांनी मला पुरतं बोलूच दिलं नाही. "आमची कल्याणी?" म्हणाले आणि कपाटातून फोटो काढला. दोन वेण्या, पुढचा दात पडलेला.

"सहा वर्षांची होती. गावाकडं तळ्यात गेली मा. तुझ्या अक्काला, सरोजाला वाटायचं हिला खूप शिकवावं." मग फोटो परत कपाटात ठेवत म्हणाले, "पाणी गुडघाभरच होतं. गाळात पाय अडकला."

अक्का, मी तिथून कशी निघाले ते आठवत नाही. चप्पल उलटसुलट घालून रस्त्यावर आले. एवढी वर्षं एका डब्यात जेवलो आपण! एक शब्द बोलला नाहीत? दरवर्षी लेकीला फळ्यावर आणायचात, तासभर पोरं तिला शोधायची, आणि मग तुम्ही हातानं तिला पुसून टाकायचात. कसं जमायचं हो तुम्हाला?

मला नाही जमलं. तीन आठवडे यादी ड्रॉवरमध्ये दडवून बसले. रोज सेल्वी दारात. या महिन्यात प्रबंध दिला तरच तिला कोइंबतूरच्या कॉलेजातली नोकरी मिळणार. एक सही केली असती तर कुणाला कळलं असतं? कल्याणीही राहिली असती, छापलेली, बांधलेली, कपाटात कायमची. मी पेन उचललंसुद्धा होतं. पण मग उद्या दुसरी सेल्वी तेच उचलणार, तिच्यामागून तिसरी. खरोखरच्या तळ्याची कामं करतात ही पोरं, अक्का.

म्हणून आज गेले आणि सांगून टाकलं. रघुनाथन सर उसळले. "नॉनसेन्स! मी स्वतः पाहिलाय हा पेपर."

"कुठे सर?"

त्यांनी उठून कपाटातले दोन कप्पे चाचपले. मग हळूच म्हणाले, "हिरवं कव्हर होतं."

मी यादी पुढ्यात ओढली आणि ओळ खोडली. चूक माझी आहे, असं लेखी दिलं. सेल्वी रडली, मला नको नको ते बोलली. बोलू दे. तिच्या वाट्याला माझा विसराळूपणा आला.

दुपारी जागेवर आले तर टपाल पडलेलं. चारपैकी तीन ग्रंथालयांनी मागेच कळवलं होतं, की या नावाचं मासिकच अस्तित्वात नाही. आज चौथ्याचा फॉर्म आला. 'नाही' या शब्दापुढं खूण नव्हती. खाली शाईनं लिहिलं होतं, "मासिकाचा खंड आमच्याकडे आहे. सध्या वाचकाकडे दिलेला आहे. परत आल्यावर पाठवू का?" वाचकाचं नाव लिहिलेलं नाही.

कारकुनाची चूक असेल. कुणीही हेच म्हणेल. पण हा कागद घेऊन सिव्हिलला धावले असते, तर सेल्वीचा चॅप्टर वाचला असता की नाही, सांगा? दोनदा उठले, दोनदा बसले. खंड मागवावा, उघडून बघावा, हा तुमचाच नियम. तोच मोडतेय, माफ करा. लेक एकदाची तुमच्या हाती लागली असेल, तर मी ती परत कशी मागू? मी उत्तर लिहिलं, "नको. वाचकाकडेच राहू दे." आणि स्वतः जाऊन पेटीत टाकून आले.

आता शब्द देते. उद्यापासून रोज सेल्वीजवळ बसेन. ती बोलो न बोलो, तिचा तिसरा चॅप्टर खऱ्या निबंधांवर उभा राहीपर्यंत उठणार नाही. आणि येत्या जूनमध्ये पाचवा निबंध माझ्या नावावर रचीन, तास संपायच्या आत मीच पुसेन. तिचं नाव त्या फळ्यावर पुन्हा कुणी लिहिणार नाही. तुम्हाला ते पुन्हा पुसावं लागणार नाही, अक्का.

तुमचीच,
वैशाली