आधी सांगायचं होतं, बाई

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आता भांडून काय उपयोग, असं कुणीही म्हणेल. म्हणू दे. शाळेत तुमच्यापुढे तोंड उघडायची कुणाची टाप नव्हती, आता उघडते. मी सध्या जर्मनीत, हायडेलबर्गला आहे. ऑ-पेअर म्हणून आले, म्हणजे एका घरी राहून त्यांची पोरं सांभाळायला, ते सुटलं, मग बेकरी, आता एका गोदामात पार्सलं. कॉलेजचं विचारू नका. आणि रग्बी खेळते. चेंडू घेऊन पुढे पळायचं, पास मात्र मागेच द्यायचा, असला उफराटा खेळ. पहिल्याच दिवशी एका धिप्पाड पोरीचा घोटा धरून तिला आडवी केली, तर ट्रेनर म्हणतो, "हे कुठे शिकलीस?" म्हटलं, आमच्या कबड्डीच्या बाईंकडे. असो, मुद्दा तो नाही.

मुद्दा असा, की यंदा युरोपातल्या देशांच्या स्पर्धेत जर्मनी झाडून सगळे सामने हरली. त्यातला एक मी थंडीत उभं राहून बघितलाय, पाय बधिर. आणि मग स्पेन, रोमानिया, बेल्जियमचे गुण कापले. का, तर त्यांचे काही खेळाडू नियमाने त्या देशाचे धरता येत नाहीत. रग्बीत आजी कुठे जन्मली यावरूनही देश ठरतो, बाई! माझी आजी तासगावची, मला कोण घेणार? तर वरचे खाली आले आणि एकही सामना न जिंकलेल्या जर्मनीला वर्ल्ड कपसाठी आणखी एक संधी. क्लबात बाटल्या उघडल्या. माझी रूममेट स्पेनची, आमच्याच संघातली, ती कोपऱ्यात रडतेय आणि ट्रेनर तिला समजावतोय, "काय करणार, रेगेल इस्ट रेगेल. नियम तो नियम."

झालं. तुमचाच आवाज. मी उसळलेच. "आल्झो, म्हणजे नियम होता तर पहिल्या सामन्याआधी का नाही बघितला? खेळू द्यायचं, जिंकू द्यायचं, मग काढून घ्यायचं?"

"अगं, पण तू का एवढी तापतेस? तू थोडीच स्पॅनिश आहेस?"

त्याला काय सांगणार, ऊसतोडीच्या टोळीबरोबर आपल्या शाळेत आलेल्या त्या पोरीचं? ती चढाईला जाते, तिघींना बाद करून हसत परत येते. जिल्ह्याची फायनल आपण जिंकतो. ढाल तिच्या डोक्यावर. आणि तुम्ही पंचांच्या टेबलाशी जाऊन सांगता, हिचा आधीच्या शाळेचा दाखला आलेला नाही, ही आमची विद्यार्थिनी धरता येणार नाही. ढाल समोरच्या शाळेला. जिल्ह्याच्या संघात तिची निवड होणार होती, वसतिगृहात राहून शिकायला मिळणार होतं, तेही गेलं. टोळी उठली तशी ती गेली, परत शाळेत आलीच नाही. एसटीत मी विचारलं तर म्हणालात, "खोट्याची ढाल मला कपाटात नको." खोटं कुणाचं, बाई? दाखला मागवणं तिचं काम होतं की तुमचं? तुम्हाला सकाळीच माहीत होतं. सकाळी सांगितलं असतंत तर ती नुसती बाहेर बसली असती. दुपारी सांगितलंत, म्हणून चोर ठरली.

असला फुकटात मिळालेला सामना बघायचा नाही, असं मी रूममेटला ठणकावून सांगितलं होतं. काल तो इथेच होता, पोर्तुगालशी. नुसतं डोकवावं म्हणून गेले. जर्मनी अगदी थोडक्यात जिंकली हो! शेजारच्या अनोळखी आजोबांच्या गळ्यात पडून मी किंचाळत होते. नियम, दाखला, स्पेन, काही म्हणता काही आठवलं नाही. घरी येताना मात्र समोरच्या शाळेच्या त्या पोरी आठवल्या, आपली ढाल घेऊन नाचणाऱ्या. इतकी वर्षं त्यांना निर्लज्ज म्हणत आलेय.

तुमच्यावरचा राग आहे तिथेच आहे. हे पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी आज पाठवलं नसतं. काल दार उघडताच रूममेटने विचारलं, कुठे होतीस? मी म्हटलं, गोदामात, जादा पाळी होती.