उजेडाची उलटी वाट

२ ऑगस्ट १९७६, अनसिंग

अखेर स्वतःचं काम, स्वतःची खोली! घरमालकीण चंपामावशी एकट्याच राहतात. त्यांचा भाऊ देवमन बैलगाडी घेऊन स्टेशनवर आला होता. जेवायला भाकरी आणि अंबाडीची भाजी. घर धाब्याचं, सपाट छतावर प्रकाशमापक बसवला. ढगाळ दिवशी जमिनीवर किती उजेड पोचतो, ते टिपायचं. त्याच हिशेबाचा प्रोग्रॅम मुंबईच्या संगणकासाठी लिहायचा. किरण ढगातल्या थेंबाथेंबावर आपटून वळतो. कुठे वळणार, हे यंत्र फासा टाकावा तसा आकडा काढून ठरवतं. लाखो किरण सोडावेत, तेव्हा एखादा मापकावर पडतो. फार वेळ जातो. मला इथे पाठवणारे मुंबईचे सर म्हणाले, झटपट करून दाखव. दाखवतेच.

६ ऑगस्ट

सुचलं! सूर्याकडून निघायचंच कशाला? मापकापासून उलटं, वर सूर्यापर्यंत जायचं. एकही किरण वाया नाही. फाशासारख्या कसल्याही क्रमाने येणाऱ्या आकड्यांचा छापील तक्ता घेऊन काही वाटा कागदावर हातानेच काढून पाहिल्या. मावशींना मोठ्या हौसेने सांगितलं. त्या हसल्या नाहीत. "वाट केली का ते दोहीकून चालते, पोरी," एवढंच म्हणाल्या.

११ ऑगस्ट

काही वाटा सूर्यापर्यंत जातच नाहीत. ढगात एकाच जागी थांबतात. माझ्या हिशेबात उजेड गिळणारं काहीच नाही. पोस्टातून सरांना फोन लावला. ते म्हणाले, तेवढे किरण वगळ, सरासरी बदलत नाही. वगळणार नाही.

१४ ऑगस्ट

ती जागा खाली सरकली आहे. आता नुसत्या डोळ्यांनी दिसते. वारा बाकीचे ढग मालेगावकडे नेतो. एक काळा डाग मात्र आमच्या घरावर ठाण मांडून.

१६ ऑगस्ट

भर दुपारी छतावर अंधार. अंगणात ऊन, शेजारी ऊन. मावशी वाळत घातलेलं लुगडं काढायला वर आल्या. त्यांचा हात त्या काळोखात गेला. बाहेर काढला, तेव्हा अंगणात त्या हाताची सावली पडेना.

१७ ऑगस्ट

देवमन गाडी जुंपून आला. मावशींना घेऊन जा म्हटलं. "मंग तू काहून थांबून राह्यली?" त्याने विचारलं. मावशी रडत होत्या. सांगितलं, वाट मी काढली, बंदही मीच करीन. माझ्या आईला विहिरीवरून हाकललं होतं. ती दुसऱ्या दिवशी घागर घेऊन पुन्हा तिथेच गेली. तिची लेक ढगाला भिऊन पळायची नाही.

१८ ऑगस्ट

मापक उपटून फेकला. उपयोग नाही, काळोख आता अंगणातही उतरलाय. कागदावर त्या जागेपासून किरण सोडून पाहिले — सगळे माझ्याकडेच येतात. मी आकडा मांडला की ते हलतं. म्हणजे ते आकड्यांचं ऐकतं. ऐकतं तर —

दुपार

वही घेऊन छतावर बसलेय. ते डोक्याशी आलंय. गार. तक्ता फाडला. आता आकडे माझे, वळण माझं. लिहिलं: वर.

हललं!

वर. पुन्हा वर. अंगणात ऊन आलं — मावशींच्या चुलीपर्यंत ऊन — जा, चालता हो —

छत लहान दिसतंय. पायाखाली काही —

लिहिणं थांबवलं तर खाली उतरेन. तेही उतरेल.

नाही.

वर. वर. गाव केवढंसं — वर. व